कायदा मीटरचा, धंदा फुटाचा

अमेरिकन माणसाला हसायची आपली एक हक्काची जागा आहे. चंद्रावर माणूस पाठवला, पण मैल, पौंड आणि गॅलन काही सुटत नाहीत बेट्यांना! हसावं, जरूर हसावं. फक्त पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाने, साडेसातशे फुटांच्या फ्लॅटमध्ये, त्रेचाळीस इंची टीव्हीसमोर, अंगात एकशे एक ताप घेऊन बसलेलं असताना जरा बेतानं हसावं. ठसका लागतो.

कागदोपत्री आपण या जंजाळातून केव्हाच सुटलो आहोत. डिसेंबर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून तो निवडक भागांत लागू होऊ लागला आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर बाकीची वजनं बाद झाली. मधल्या मध्ये १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. (सरकारला एप्रिलची पहिली तारीख एवढी का आवडते, यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल.) एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा वरचा पाव पैसा कुणी कुणाला सोडायचा, हे काही कायद्याने गिऱ्हाइकाला शिकवलं नव्हतं. तरी देश बुडाला नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी घोकलेली अख्खी पिढी एका रात्रीत बिनकामाची झाली, आणि साडेतीनचा पाढा तोंडपाठ असणं ही हुशारीऐवजी आजोबांची गंमत ठरली. आज विशीतल्या पोराला छटाक म्हणजे किती विचारा. तो फोन काढेल.

म्हणजे बदल होतो. शेर, अच्छेर, पावशेर, मण हे शतकानुशतकं गल्ल्यावर बसलेले दादा लोक काही वर्षांत उठून गेले. असं का झालं? दर गावाचा शेर वेगळा असल्यामुळे लोक कंटाळले होते, हे एक. पण खरं कारण साधं आहे. सरकारने दुकानातली जुनी वजनं बाद केली, शिक्का मारलेली नवी ठेवायला लावली, आणि तपासायला इन्स्पेक्टर पाठवला. इन्स्पेक्टर काय घेऊन गेला ते सोडा, पण तो आला. त्याच्या खात्याचं नाव आज ‘वैध मापन शास्त्र’ आहे. ते ऐकलं की खात्यात दुर्बिणी आणि वैज्ञानिक असतील असं वाटतं. असतात ते तराजू आणि पावतीपुस्तकं.

फूटपट्टी मात्र कुणी जप्त केली नाही. तीस सेंटीमीटरच्या पट्टीला आपण अजून फूटपट्टीच म्हणतो आणि तिच्या दुसऱ्या कडेला इंच गुण्यागोविंदाने नांदतात. तिथेच सगळी मेख आहे.

जरा बघा, किलो-लिटर कुठे जिंकले? जिथे आपण रोज जातो तिथे. दूध, साखर, कांदे, पेट्रोल. भाजीवाल्याने पन्नास ग्रॅम मारले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन त्याचा उद्धार करतं. रोज घेणाऱ्याला माप पाठ होतं आणि रोज विकणाऱ्याला अब्रू सांभाळावी लागते. आता फूट, गुंठा, तोळा आणि ब्रास कुठे टिकले ते बघा. घर, जमीन, सोनं, बांधकाम. जे माणूस आयुष्यात एकदा-दोनदा घेतो, कर्ज काढून घेतो, आणि घेताना ज्याचे हातपाय कापत असतात. त्या गिऱ्हाइकाला हिशेब करायला सवड नसते आणि विकणाऱ्याला तो करून द्यायची घाई नसते. जुनं माप हे आपल्या परंपरेच्या प्रेमामुळे टिकलं, असं कुणी सांगायला लागलं तर आधी विचारा, तुमचा व्यवसाय काय?

तोळ्याचं घ्या. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजीच्या पाटल्या पाच तोळ्यांच्या असतील तर त्या ५८ ग्रॅमच्या वर भरायला हव्यात. आज सराफाच्या दुकानात बोलण्यातला तोळा सरळ दहा ग्रॅमचा असतो. पावतीवर ग्रॅम लिहिलेले असतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण लग्नाच्या बैठकीत ‘पाच तोळे घालू’ असं ठरतं तेव्हा एका पक्षाच्या डोक्यात आजीचा तोळा असतो आणि दुसऱ्या पक्षाच्या डोक्यात दुकानाचा. फरक आठ ग्रॅमांचा. आजच्या भावात त्या आठ ग्रॅमांवरून विहीण रुसली तर तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

गुंठ्याची गंमत त्याहून मोठी. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचे पुन्हा सोळा आणे. हे सगळं इंग्रजांच्या मोजणीतल्या साखळीतून आलेलं आहे. साखळी बावीस यार्डांची, गुंठ्याची बाजू अर्ध्या साखळीची. ज्या बावीस यार्डांवर आपण सचिनची पूजा केली तीच ही साखळी. फक्त तिथे पंच होता. सातबाऱ्यावर आज हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. म्हणून शेतकरी ‘एक आर म्हणजे एक गुंठाच की’ म्हणून पुढे जातो, आणि शेतापुरतं ते चालतंही. पण शेत गावाजवळ असेल, त्याचं प्लॉटिंग झालं असेल, तर बोलण्याच्या ओघात गुंठा हळूच हजार फुटांचा होतो. धरा, फुटाला तीन हजारांचा भाव आहे. वरचे ८९ फूट म्हणजे २ लाख ६७ हजार रुपये. एवढा मोठा ओघ नदीलाही नसतो.

कुणी म्हणेल की खरेदीखत चौरस मीटरात असतं ना, मग वाचा की. वाचतो कोण? वाचेपर्यंत टोकन दिलेलं असतं.

घर बांधायला काढलं की तर दोन्ही पद्धतींचं एकत्र कुटुंबच भेटतं. प्लायवूड आठ बाय चार फुटांचा, पण जाडी अठरा एमएम. सळी बारा एमएमची, पण गवंडी तिला चार सूत म्हणतो. सुतार टेपची मीटरची बाजू हातात असूनही उलटी करतो आणि ‘दोन सूत कमी कर’ म्हणून ओरडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याला मीटर येत नाही असं समजू नका. विभागणीचं गणित तोंडी करताना अर्धा, पाव, अर्धपाव त्याला दशांशापेक्षा सोपे पडतात, आणि तो बरोबर आहे. टाईल मात्र बघून घ्या. ‘दोन बाय दोन’ म्हणून जी टाईल दाखवतात ती ६०० एमएमची असते. दोन फूट म्हणजे ६०९.६ एमएम. चार टाईलांची पेटी सोळा फूट झाकते असं तुम्ही मनात धरता, ती झाकते साडेपंधरा. पेटीवर १.४४ चौरस मीटर असं छापलेलं असतं, अगदी प्रामाणिकपणे, बारीक अक्षरात. हजार फुटांचं घर असेल तर दोन पेट्या कमी पडतात आणि तोवर तो रंग बंद झालेला असतो.

वाळू तर थेट सरकारच विकायला निघालं होतं. कशात? ब्रासमध्ये. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. २०२३ मध्ये राज्य सरकारने घोषणा केली की लोकांना वाळू ६०० रुपये ब्रासने देऊ. ट्रकची क्षमता टनात, रॉयल्टी ब्रासमध्ये, काँक्रीटचा हिशेब घनमीटरमध्ये, आणि वाळू ओली की कोरडी यावर तिचं वजन वेगळं. इतकी मापं एका ट्रकमध्ये बसली की त्यात अजून काय काय बसतं हे महाराष्ट्राला सांगायला नको. ‘मापात पाप’ ही म्हण काय उगाच झाली?

आणि ज्या कायद्याने हे सगळं थांबायचं तो कायदा झोपलेला नाही बरं का. वैध मापन कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०११ पासून (पुन्हा एप्रिल!) लागू आहे. त्याचं अकरावं कलम सांगतं की भाव सांगताना, जाहिरात करताना, पावती देताना प्रमाणित मापाखेरीज दुसरं माप वापरायचं नाही. याचा परिणाम तुम्ही रोज बघता. टीव्हीच्या जाहिरातीत ‘१०८ सेमी’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी कंसात गुपचूप ४३. दुकानात शिरून ‘एकशे आठ सेंटीमीटरचा टीव्ही दाखवा’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण कंपनीने कायदा पाळला. आता त्याच पेपरचं पान उलटा. पानभर टॉवर, पोहण्याचा तलाव, आणि खाली ‘साडेसातशे स्क्वेअर फूट कार्पेट’. वीस हजारांच्या टीव्हीला जे कलम चावतं ते दीड कोटीच्या फ्लॅटपुढे शेपूट हलवतं.

बिल्डरला नावं ठेवायची तर आधी नियम करणाऱ्यांच्या टेबलावर जाऊ. मुंबईच्या विकास नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर २७.८८ चौरस मीटरचं आहे. हा आकडा कुणी बरं शोधून काढला असेल? माणसाला राहायला किती जागा लागते याचा अभ्यास करून पॉइंट अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचलेला कुणी थोर शास्त्रज्ञ? छे. ते तीनशे चौरस फूट आहेत. मुंबईत मालमत्ता कराची माफी ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घराला. ते पाचशे फूट. साहेबांनी विचार फुटात केला, घोषणा फुटात केली, टाळ्या फुटात घेतल्या आणि मग कारकुनाला सांगितलं, ‘ह्याचं मीटर करून टाक.’

ही सवय मुंबईपुरती नाही. अलमट्टी धरणाची उंची वाढवण्यावरून सांगली-कोल्हापूरकरांची झोप उडालेली आहे. तो वादातला आकडा ५२४.२५६ मीटर. मिलिमीटरपर्यंत नेमका! वाचताना वाटतं, काय बारीक अभ्यास आहे. १७२० ला ०.३०४८ ने गुणा. बरोबर ५२४.२५६ येतात. म्हणजे मूळ आकडा आहे सतराशे वीस फूट, गोल, गुबगुबीत. मीटरचा कोट त्याला वरून घातलेला.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबूया, कारण महाराष्ट्रात मापांचा खरा तमाशा धरणावर रंगतो.

कोयनेत किती पाणी? १०५ टीएमसी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट; एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. पश्चिम महाराष्ट्रात चहाच्या टपरीवरचा माणूसही टीएमसीत बोलतो. कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले. मेट्रिक कायदा होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. ठीक आहे. लवाद आहे, कोर्टाचा कागद आहे, त्यातलं माप आता कुणी बदलणार नाही.

पण गोदावरीवर या. वर नगर-नाशिक, खाली मराठवाडा. वरच्या जिल्ह्यांत धरणाचा साठा सांगतात दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफूट. भंडारदरा ११,०३९ दलघफू, मुळा २६,००० दलघफू. खाली पैठणला जायकवाडीचा उपयुक्त साठा सांगतात २,१७१ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. दोन्ही शब्दांत फरक शेवटच्या एका अक्षराचा, पाण्यात फरक पस्तीस पटींचा. नगरचा पेपर वाचणाऱ्याला ‘मुळा सव्वीस हजार’ आणि ‘जायकवाडी दोन हजार’ असे आकडे शेजारी शेजारी दिसले तर वाटावं, एवढ्याशा तळ्यासाठी हे लोक ओरडतात काय? प्रत्यक्षात मुळाचे सव्वीस हजार म्हणजे जायकवाडीच्या मापात साधारण ७३६. जायकवाडी त्याच्या तिप्पट आहे.

आणि हे त्याच दोन पक्षांमध्ये चालतं ज्यांचं समन्यायी पाणीवाटपावरून भांडण आहे! पावसाळा संपता संपता जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचं, असं मेंढेगिरी समितीच्या सूत्रावर ठरलं. त्यावरून मोर्चे, याचिका, रात्री पहाऱ्यात उघडलेले दरवाजे, सगळं झालं. एका घरातल्या दोन भावांनी वाटणी करायला बसावं, एकाच्या हातात गज आणि दुसऱ्याच्या हातात मीटर. वाटणी काय होणार, डोकी फुटणार.

जायकवाडीचीच अजून एक मजा ऐका. साठा दलघमीत. पण पाणी सोडलं की विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफूट. आणि पातळी? तीही फुटात, धरण पूर्ण भरतं १५२२ फुटांना. म्हणजे एकच धरण, एकच दिवस, एकच बातमी, त्यात पोटात मीटर, तोंडात फूट आणि वर पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये. बातमीदाराची कीव येते. मागच्या वर्षीपेक्षा पाणी जास्त की कमी, एवढंच लोकांना हवं असतं. ते तो बिचारा टक्क्यांत सांगून मोकळा होतो.

इथे मी एक सूट द्यायला तयार आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीसला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. हे आकडे तिथल्या माणसाच्या पायाला माहीत आहेत. बेचाळीस झाले की कुठल्या गल्लीत पाणी येतं, जनावरं कधी सोडायची, कपाटाचा खालचा कप्पा कधी रिकामा करायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. उद्या कुणा उत्साही साहेबाने तिथे ‘१३.१ मीटर’ अशी पाटी लावली तर लोक ती वाचत बसतील आणि पाणी उंबऱ्यातून आत येईल. तिथे फूट राहू द्या. माप बदलताना ज्याचा जीव त्या मापावर अवलंबून आहे त्याला आधी विचारावं. ज्याचा नफा अवलंबून आहे त्याला मुळीच विचारू नये.

कापसाकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणून तोही जाता जाता सांगतो. यवतमाळचा शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. त्यातून निघालेल्या रुईचा भाव फुटतो खंडीला, आणि ही खंडी आहे ३५५.६२ किलोंची. एवढा विक्षिप्त आकडा आला कुठून? ७८४ पौंडांवरून. रुईची गाठ मात्र १७० किलोंची. आणि हा भाव ज्या न्यूयॉर्कच्या वायद्याकडे बघून हलतो तो पौंडाला सेंट असा. क्विंटल, खंडी, गाठ, पौंड, शिवाय डॉलरचा दर. पंधरा मिनिटं कॅल्क्युलेटर बडवल्याखेरीज शेतकऱ्याला कळूच शकत नाही की व्यापाऱ्याने सांगितलेला भाव बरा की वाईट. व्यापाऱ्याला ते पाठ असतं. इथे पुन्हा तेच बघा, माप कुणाच्या सोयीचं आहे.

एरवी हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीच मिटायचं होतं. लॉर्ड मेयो नावाचे व्हाइसरॉय होते. त्यांना मेट्रिक पद्धतीची हौस. १८७० आणि १८७१ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत कायदे झाले. शेर म्हणजे बरोबर एक किलो, असा त्यांचा बेत होता. तेव्हा देशात स्वस्तातल्या रेल्वेमार्गांसाठी नवी रुंदी ठरवायची होती. इंग्रज इंजिनिअर सव्वातीन फुटांच्या आसपास घोटाळत होते. हिंदुस्थानात मीटर येणारच आहे, तर मग बरोबर एक मीटर ठेवा, असं ठरलं. १८७२ मध्ये मेयोसाहेबांचा अंदमानात खून झाला, कायदा बासनात गेला. मीटरगेज मात्र राहिला. मनमाड–औरंगाबाद त्याच्यावर धावलं, मिरजेहून गोव्याला लोक त्याच्यावरून गेले. अख्ख्या देशात इंग्रजांच्या काळचा एकमेव अस्सल मीटर तो. मग १९९२ मध्ये सगळे मार्ग एकाच रुंदीचे करायचं रेल्वेने ठरवलं आणि तो मीटर उखडून त्या जागी साडेपाच फुटांचा ब्रॉडगेज टाकला. कागदावर त्याला १६७६ मिलिमीटर म्हणतात. म्हणायला काय जातं!

खुद्द साहेबाच्या घरी काय चाललंय? २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारला युरोपातून बाहेर पडल्याचं काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी लोकांना विचारलं, पौंड-औंस परत आणू का? लाखभर लोकांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी मीटर-किलोच्या बाजूने मत दिलं. सरकारने गुपचूप विषय मिटवला. अमेरिकेने १९७५ मध्ये ‘ज्याला वाटेल त्याने मेट्रिक व्हा’ असा ऐच्छिक कायदा केला, १९८२ मध्ये त्यासाठीचं मंडळच गुंडाळलं, आणि १९९९ मध्ये मंगळाला पाठवलेलं यान गमावलं. एका गटाने पौंडात हिशेब दिला, दुसऱ्याने तो मेट्रिक समजून वापरला. एक गंमत सांगायची राहिली. १९५९ पासून इंचाची व्याख्याच २५.४ मिलिमीटर अशी आहे. म्हणजे ज्या इंचाला आपण पद्धत समजून कवटाळतो तो स्वतः मीटरच्या घरी भाड्याने राहतो.

तेव्हा बदल करायचा की नाही, हा प्रश्न १९५६ मध्येच निकालात निघाला. उरलाय तो अर्धवट सोडलेला बदल पुरा करायचा. तोही सगळीकडे एकदम नको. लग्नाच्या बायोडेटात उंची ‘पाच फूट चार इंच’ असू दे. ‘१६३ सेमी’ लिहिलं तर मुलाकडचे लोक लॅबचा रिपोर्ट समजतील. पोलीस भरतीला पोरगं जातं तेव्हा १६५ सेमी उंची आणि ७९ सेमी छाती त्याला बरोबर समजते, कारण तिथे नोकरी असते. घरी आलं की ते पुन्हा फुटात उभं राहतं. राजकारणातली छाती छप्पन इंचीच बरी, १४२ सेंटीमीटरला टाळ्या पडत नाहीत. ताप फॅरनहाइटमध्ये असू दे. एकोणचाळीस ताप म्हटलं तर आई घाबरायची थांबेल. गाडीचा टायर बघा, १६५/८० आर १४. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, चाक इंचात, हवा पौंडात. चालतोय ना? खड्ड्यात तो मापामुळे फुटत नाही. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांचीच राहील. या कशातही कुणाचे पैसे बुडत नाहीत.

जिथे बुडतात तिथे मात्र सरकारने १९५८ सारखा इन्स्पेक्टर पाठवावा. सुरुवात स्वतःपासून करावी. वाळू घनमीटरने विका. एका खोऱ्यातली, वरची-खालची सगळी धरणं एकाच मापात सांगा. कुठल्या, ते दोन्ही बाजूंच्या आमदारांनी बसून ठरवावं, निदान एका गोष्टीवर तरी एकमत होईल. पुनर्वसनाचं घर द्यायचं तर सरळ तीस चौरस मीटरचं द्या. पहिल्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरातल्या गरिबाच्या घराची मर्यादा तीस मीटरचीच होती, म्हणजे गोल मीटरमध्ये विचार करता येतो हे सिद्ध झालेलं आहे. आणि जाहिरातीत फ्लॅटचा भाव चौरस मीटरचा मोठ्या अक्षरात, फूट कंसात. टीव्हीवाल्यांना जमतं, तर बिल्डरांना न जमायला काय झालं?

ते का करणार नाहीत, हे सांगतो. मुद्रांक शुल्क ज्या रेडी रेकनरवर भरावं लागतं त्यात दर चौरस मीटरचे असतात. बिल्डर भाव सांगतो फुटाचा. दोन्ही दर एकाच मापात समोर आले तर सरकार या जागेची किंमत काय धरतं आणि हा गृहस्थ काय मागतोय, हे सातवीतल्या मुलालाही दिसेल. मध्ये १०.७६४ चा गुणाकार आहे तोवर ते कुणाला दिसत नाही. शिवाय ‘फुटाला वीस हजार’ ऐकायला कसं सोसवतं.

म्हणून पुढच्या वेळी सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा तिथल्या टाय लावलेल्या पोराला एवढंच विचारा, चौरस मीटरला किती? तो गडबडेल, आत जाऊन कुणाला तरी विचारून येईल. तुम्ही रेडी रेकनरचा दर फोनवर काढून बसा. आणि त्याचं गणित होईना, तर उत्तर मीच देऊन ठेवतो: फुटाला वीस हजार म्हणजे मीटरला २ लाख १५ हजार २७८ रुपये.